यशाचे धनी कोण?

एखाद्याने मोठे यश मिळविले म्हणजे त्याला हार घालावयास माणसे धावतात, आणि हार एकाच गळ्यासाठी गुंफलेला असतो. यशाविषयी बोलताना आपण जी क्रियापदे वापरतो तीही पाहण्याजोगी आहेत. यश 'मिळविले', 'संपादिले', 'कमावले' असे आपण म्हणतो. जणू ते द्रव्य आहे आणि ज्याच्या घामाने आले त्याच्याच पेटीत जाऊन पडले. द्रव्य म्हटले की धनी आलाच. परंतु ज्याच्या नावावर यश जमा होते तो त्याचा खरोखर धनी असतो काय? आणि नसेल, तर त्याने त्या यशाशी कोणत्या नात्याने वागावे? हा प्रश्न पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. 'हे सर्वस्वी माझे' असे ज्याने उत्तर दिले तो बघता बघता कृतघ्न होतो. 'ह्यात माझे काहीच नाही' असे ज्याने ठरविले त्याचे हात पुढच्या कामास उचलत नाहीत. दोहोंच्या मध्ये कोठे तरी खरे उत्तर असले पाहिजे, आणि ते शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

उदाहरण आम्ही बुद्धिपुरस्सर दूरचे घेत आहोत. घरचे उदाहरण घेतले की त्यात आपले आणि परके शिरते, आणि विचार करावयास बसलेला मनुष्य वकिली करू लागतो. म्हणून ज्याच्याशी आपणां कोणाचा हितसंबंध नाही अशा एका खेळाकडे वळू. तो खेळ म्हणजे बर्फावरील युगुलनृत्य. मांडवीच्या काठी काय किंवा बेळगावच्या थंडीत काय, पायाखाली घेता येईल असा बर्फ आपण पाहत नाही; आपला बर्फ मासळीच्या टोपलीत नाही तर सरबताच्या पेल्यात भेटतो. युरोपातील लोकांनी मात्र त्याच्यावर नाचावयाची विद्या काढली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्हिएन्नाच्या लोकांनी आपला वॉल्ट्झ दिवाणखान्यातून बर्फावर नेला. त्या नृत्याची जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा १९५२ पासून भरू लागली आणि १९७६ मध्ये त्याला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळाले.

ह्या नृत्याची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण आमचा सारा मुद्दा तिच्यावर उभा आहे. नर्तकाच्या बुटाला खाली पोलादी पाते असते. त्या पात्याच्या तळाशी लांबवर एक उथळ खाच कोरलेली असते, त्यामुळे त्याला आतली व बाहेरची अशा दोन धारा येतात. कुशल नर्तक सपाट पात्यावर चालत नाही. तो शरीर एका अंगास झुकवून एकाच धारेवर वळणे घेतो. आता अशी दोन माणसे, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, एकाच वेगाने, एकाच तालात, वाकून चाललेली आहेत अशी कल्पना करावी. बर्फावरील युगुलांचा दुसरा एक प्रकार आहे. त्यात पुरुष स्त्रीला डोक्यावर उचलतो, हवेत भिरकावतो, दोघे दूर दूर उड्या मारतात. नृत्यात हे सारे वर्ज्य. तेथे जवळ राहणे आणि संगीताच्या लयीशी इमान राखणे हीच परीक्षा. एकाचा तोल दुसऱ्याच्या तोलावर टेकलेला असतो. एकाच्या पात्याने बोटभर वाट सोडली तर दोघे कोसळतात. पंच गुण देतात ते जोडीला. ह्याला इतके आणि हिला तितके असा हिशेब गुणपत्रकात मांडावयाला जागाच नसते.

ह्या विद्येत ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ती जोडी इंग्लंडातील नॉटिंगहॅमची: जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन. जेनचा जन्म १९५७ चा, ख्रिस्तोफरचा १९५८ चा. दोघेही साध्या घरांतील. ख्रिस्तोफर वाढला तो नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टन नावाच्या, कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या गावात. जेन आठेक वर्षांची असताना शाळेच्या मुलांबरोबर बर्फाच्या मैदानावर गेली आणि तेथेच तिचे मन जडले. ख्रिस्तोफरला दहाव्या वर्षी नाताळची भेट म्हणून बर्फावरचे बूट मिळाले. नॉटिंगहॅम शहरात १९३९ पासून बर्फाचे एक बंदिस्त क्रीडागृह होते. ते नसते तर ह्या दोन मुलांच्या अंगचा गुण बीजरूपानेच राहून गेला असता. यशाच्या हिशेबातील ही पहिली नोंद: ज्या छपराखाली गुण उमलला ते छप्पर त्यांनी बांधलेले नव्हते.

दुसरी नोंद अधिक नाजूक आहे. ही दोघे प्रथमपासून एकमेकांची जोडीदार नव्हती. जेन मायकेल हचिन्सन ह्या मुलाबरोबर युगुल-प्रकारात उतरत असे, आणि १९७१ मध्ये त्या दोघांनी ब्रिटनचे अजिंक्यपदही मिळविले. तेव्हा ती अवघी तेरा-चौदा वर्षांची होती. पुढे तो जोडीदार निघून गेला आणि जेन एकटी पडली. ख्रिस्तोफर नृत्यप्रकारात सँड्रा एल्सन ह्या मुलीबरोबर कनिष्ठ गटात चमकत होता. तीही जोडी मोडली. म्हणजे १९७५ मध्ये जॅनेट सॉब्रिज ह्या शिक्षिकेने ज्यांना एकत्र आणले ते दोघे उरलेले होते. प्रत्येकाच्या मागे एक मोडलेली जोडी होती. काही काळ जमते का पाहावे, एवढ्याच बोलीवर त्यांनी हात धरले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. एकट्याने करावयाच्या विद्येत माणसाचे श्रम त्याच्याजवळ राहतात. गवयाचा साथीदार बदलला तरी त्याचा गळा त्याचाच असतो. ह्या नृत्यात मात्र दहा वर्षांची कमाई दुसऱ्याच्या हातात ठेवलेली असते, आणि तो हात ज्या दिवशी सुटेल त्या दिवशी ती कमाई बहुतांशी बुडते. उद्या तो आजारी पडेल, तिचे लग्न ठरेल, त्याला दुसरी अधिक चांगली जोडीदारीण मिळेल. कारण कोणतेही असो, मागे राहिलेल्याने फिर्याद कोणाकडे न्यावी? करार नाही, रक्ताचे नाते नाही. टॉर्व्हिल आणि डीन पतिपत्नीही नव्हते. त्यांनी तसे व्हावे अशी प्रेक्षकांची मोठी हौस होती. पण त्यांचे संसार निरनिराळे झाले. तरीही १९७५ मध्ये धरलेला हात त्यांनी अर्धशतक सोडला नाही, आणि निरोपाचा दौरा केला तो २०२५ मध्ये. ह्या नात्याला आपल्या भाषेत नेमका शब्द नाही. मैत्री म्हणावी तर मैत्रीत इतका धाक नसतो. व्यवहार म्हणावा तर व्यवहारात इतका विश्वास नसतो. रोज पहाटे ठरल्या वेळी दुसरा येईलच, एवढ्या एका गोष्टीवर उभारलेले हे नाते. आणि रोज पहाटे येणे ही, आमच्या मते, नीतीची अगदी मूळची कृती आहे. मोठमोठी व्रते तिच्यापुढे फिकी पडावीत.

पहाटे म्हणण्याचे कारण असे की दिवसा दोघांनाही नोकऱ्या होत्या. जेन विमा कंपनीच्या कचेरीत कारकून होती. ख्रिस्तोफर शाळा सोडून पोलिस दलात उमेदवार म्हणून शिरला आणि पुढे शिपाई झाला. पाळीची नोकरी, रात्रीचा पहारा संपवून बर्फावर यावयाचे, किंवा बर्फावरून पहाऱ्यावर जावयाचे. अशा रीतीने त्यांनी १९८० च्या लेक प्लॅसिड येथील ऑलिंपिकपर्यंत मजल मारली आणि पाचवा क्रमांक मिळविला. पाचवा क्रमांक हा मोठा फसवा असतो. तो माणसाला सोडून द्यावयास सांगत नाही आणि पोटाला भाकरीही देत नाही. आणखी पुढे जावयाचे तर नोकरी सोडणे प्राप्त होते. दोघांनी ती सोडली. वाचकांनी हा प्रसंग आपल्या घरात घडला असे समजावे: पोलिसातील निवृत्तिवेतनाची नोकरी बर्फावर नाचण्यासाठी सोडणाऱ्या मुलाला आपण काय म्हटले असते? आणि त्या दोघांपैकी एकानेच सोडून भागले नसते. 'मी माझे आयुष्य पणाला लावतो' एवढेच म्हणण्याची येथे सोय नव्हती. एकाच्या निश्चयात दुसऱ्याचे आयुष्यही पणाला लागत होते.

अशा वेळी नॉटिंगहॅमच्या नगरपालिकेने त्यांना अनुदान दिले: एकंदर ४२,००० पौंड, पुढील ऑलिंपिकपर्यंत पुरावे अशा बेताने. जनतेच्या पैशाचा हा विनियोग योग्य होता काय? १९८२ च्या आरंभी ब्रिटनमधील बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. ज्या गावात माणसे काम शोधत हिंडत आहेत त्या गावच्या तिजोरीतून दोन नर्तकांना पैसे द्यावे, ह्याला कोणी उधळपट्टी म्हटले तर त्याला मूर्ख ठरविता येणार नाही. भुकेल्याला भाकरी हे कर्तव्यच आहे, आणि त्या कर्तव्याला नृत्याने उत्तर देता येत नाही. परंतु ह्या आक्षेपात एक गोष्ट गृहीत धरलेली असते: भाकरीचे प्रश्न सुटेपर्यंत सुंदर गोष्टींनी दाराबाहेर उभे राहावे. तसे करावयाचे म्हटले तर त्या कायमच्या बाहेर राहतील, कारण भाकरीचे प्रश्न पुरते सुटले असा काळ कोणत्याही देशाने अद्याप पाहिलेला नाही. गरिबांच्या वस्तीतच देवळे उभी राहिली, जत्रा भरल्या, दशावतार रात्र रात्र जागले. तेव्हा लोकांची पोटे भरलेली होती म्हणून नव्हे. मनुष्याला पोटाबरोबर मानही असते, आणि ती वर करून पाहावे असे काही त्याला लागते. तरीही ह्या पैशाने एक बंधन निर्माण झाले, हे मात्र नाकारता येत नाही. ज्या क्षणी तो स्वीकारला त्या क्षणी ह्या जोडीचे यश अंशतः त्या गावाचे झाले, कर भरणाऱ्या प्रत्येक बेकाराचेही झाले.

आता त्या प्रसिद्ध यशाकडे येऊ. बेटी कॅलवे ह्या नव्या शिक्षिकेच्या हाताखाली त्यांनी १९८१ पासून लागोपाठ चार वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले. १४ फेब्रुवारी १९८४ रोजी युगोस्लाव्हियातील साराजेव्हो येथे, झेत्रा नावाच्या क्रीडागृहात, फ्रेंच संगीतकार मॉरिस राव्हेल ह्याच्या 'बोलेरो' ह्या रचनेवर ते नाचले. ती रचना १९२८ ची. एकच ताल, तेच दोन सूर-बंध, आणि हळूहळू चढत जाणारा नाद. मूळची सुमारे पाव तासाची ही रचना किती आखडता येईल? संगीताच्या जाणकारांनी सांगितले की चार मिनिटे अठ्ठावीस सेकंदांच्या खाली तिचा प्राण जाईल. नियम तर असा की नृत्य चार मिनिटे दहा सेकंदांपेक्षा लांबता कामा नये. अठरा सेकंद अधिक होत होते. तेव्हा नियम नीट वाचण्यात आला. घड्याळ सुरू व्हावयाचे ते पात्याने बर्फावर गती घेतली म्हणजे. मग दोघांनी गुडघे बर्फावर टेकूनच नृत्यास आरंभ केला; पाती बर्फाला लागू दिली नाहीत, केवळ देहाने डोलत राहिले आणि अठरा सेकंदांनंतर उठले. आज ते आरंभीचे डोलणे त्या नृत्यातील सर्वांत हृद्य भाग मानला जातो.

ही पळवाट होती काय? आम्हांस तसे वाटत नाही. पळवाट काढणारा नियमाचे शब्द राखतो आणि त्याचा हेतू मारतो. नृत्य बर्फावर किती वेळ चालावे ह्याला मर्यादा घालणे हा त्या नियमाचा हेतू होता, आणि तो अबाधित राहिला. नियमाने मात्र एक चमत्कार केला. त्याने वाट अडविली म्हणूनच ती नवी वाट सुचली. अठरा सेकंद मोकळे मिळाले असते तर ते नेहमीसारखे उभ्याने सुरू झाले असते, आणि जे अविस्मरणीय ठरले ते जन्मासच आले नसते. छंदाच्या बंधनातून ओवी सुचते हा अनुभव कवींचा आहे. म्हणजे ज्या कोणा नियमकर्त्याने कचेरीत बसून तो दहा सेकंदांचा आकडा लिहिला, त्याचाही हात ह्या यशास लागलेला आहे. त्याला त्याची जाणीवही नसेल.

त्या रात्री कलात्मक प्रभावासाठी नऊच्या नऊ पंचांनी सहापैकी सहा गुण दिले. तांत्रिक गुण धरून त्या नृत्याला एकंदर बारा वेळा पूर्ण गुण मिळाले. पूर्ण गुण! ह्याहून वर जावयास मापातच जागा उरली नाही.

आता आमच्या प्रश्नाची कसोटी लागते. क्रीडागृह गावचे, पैसा गावचा, संगीत राव्हेलचे, शिस्त शिक्षिकांची, अडथळा नियमकर्त्याचा, तोल जोडीदाराचा. मग टॉर्व्हिलचे काय आणि डीनचे काय उरले? कोणी म्हणेल, अशा रीतीने सोलत गेले तर कांद्याप्रमाणे हाती काहीच राहत नाही. आणि मग परिश्रम करणारा व न करणारा ह्यांत भेद कसा करावयाचा? ह्याच नॉटिंगहॅममध्ये, ह्याच बर्फावर शेकडो मुले आली. सर्वांना छप्पर तेच होते. पहाटे उठून आली ती थोडी. पडून पुन्हा उठली ती त्याहून थोडी. त्यांचे श्रेय बुडविणे हा अन्याय नव्हे काय?

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचे उत्तर दोन शब्दांतील भेदात आहे. श्रेय निराळे आणि धनीपण निराळे. श्रेय हे श्रमाचे असते. ते निःसंशय त्या दोघांचे, आणि ते वाटून कमी होत नाही. धनीपण म्हणजे विल्हेवाट लावण्याचा अधिकार: हे माझे आहे, मी ह्याचे वाटेल ते करीन, कोणाचे मजवर काही नाही, असे म्हणण्याचा अधिकार. तो मात्र त्यांना नाही; आणि कोणाही यशस्वी माणसाला नसतो. शेतकरी पीक काढतो तेव्हा श्रेय त्याचे असते. पण पाऊस, बियाणे, बैल आणि बापाने घातलेला बांध ह्यांचे त्याच्यावर येणे असते, आणि म्हणूनच खळ्यावरून धान्य घरी नेण्यापूर्वी तो बलुतेदारांचे सुपात घालतो. त्याला कोणी दान म्हणत नाही. यशस्वी मनुष्य हा यशाचा राखणदार आहे. युगुलनृत्याचे वैशिष्ट्य इतकेच की, इतरत्र जे झाकलेले असते ते तेथे डोळ्यांपुढे उघडे असते. गुणपत्रक जोडीचे असल्यामुळे 'मी एकट्याने' हे वाक्य तेथे उच्चारताच येत नाही.

यश धन नव्हे ह्याचा दुसरा पुरावा काळाने दिला. धनाची किंमत पेटीत टिकते. यशाची टिकत नाही. पुढे व्यावसायिकांना ऑलिंपिकमध्ये येण्याची मुभा मिळाली तेव्हा ही जोडी १९९४ मध्ये लिलेहॅमर येथे पुन्हा उतरली. त्याच वर्षी युरोपचे अजिंक्यपद त्यांनी मिळविले होते, परंतु ऑलिंपिकमध्ये तिसरा क्रमांक आला. साराजेव्होचे पूर्ण गुण तेथे चालले नाहीत. जुने नाणे नव्या बाजारात कोण घेणार? पुढे तर ते मापच गेले: २००२ च्या सॉल्ट लेक सिटी येथील पंचांच्या गैरव्यवहारानंतर, २००४ मध्ये, सहा गुणांची पद्धत रद्द करण्यात आली. आणि झेत्रा? १९९२ पासूनच्या वेढ्यात तोफांनी ते क्रीडागृह उद्ध्वस्त झाले. त्याच्या तळघरात प्रेते ठेवीत आणि प्रेक्षकांच्या लाकडी आसनांच्या फळ्या काढून त्यांच्या शवपेट्या करीत. ज्या फळ्यांवर बसून लोकांनी १९८४ मध्ये टाळ्या वाजविल्या त्याच ह्या. पूर्णतेचा साक्षीदार असा संपला. १९९९ मध्ये ते क्रीडागृह पुन्हा उभे राहिले, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत, पन्नाशी उलटलेले टॉर्व्हिल व डीन साराजेव्होला जाऊन तेच 'बोलेरो' पुन्हा नाचले. तेथे पंच नव्हते, गुण नव्हते. एवढे सोसलेल्या शहराने एके काळी आपणांस जे दिले ते त्याच्या पदरात परत घालावयाचे, एवढाच त्या नाचाचा अर्थ होता. आमच्या दृष्टीने त्यांच्या साऱ्या चरित्रात ह्याहून शोभिवंत प्रसंग नाही.

ऋण फेडावे कसे, ह्याचेही उत्तर ह्यातून सुचते. ज्यांचे घेतले त्यांना ते परत करणे बहुधा शक्य नसते. जुन्या शिक्षिकेला आपण तरुणपण परत देऊ शकत नाही. नॉटिंगहॅमने आपल्या रस्त्यांना ह्या दोघांची नावे दिली, जुन्या क्रीडागृहाच्या जागी २००० मध्ये नवे राष्ट्रीय हिमक्रीडाकेंद्र उभारले आणि त्यापुढील चौकाला 'बोलेरो' हे नाव ठेवले. परंतु ही ऋणाची पावती झाली, फेड नव्हे. फेड पुढे करावयाची असते. डीन ह्यांनी इझाबेल आणि पॉल ड्यूशने ह्या भावंडांच्या जोडीसाठी नृत्ये रचली. त्या जोडीने १९९१ चे जागतिक अजिंक्यपद आणि १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळविले. घेतलेले पुढच्याच्या हाती दिले म्हणजे मागच्याचे पोचते, हा हिशेब आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होता. ऋषिऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते असे ते म्हणत.

एक गोष्ट उरते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. जोड्या जुळल्याच्या कथा आपण ऐकतो. मोडून पुन्हा न जुळलेल्यांच्या कथा कोणी लिहीत नाही. जेन १९७५ मध्ये दुसऱ्या गावी असती, किंवा ख्रिस्तोफरची पाळी शिक्षिकेच्या वेळेशी जुळली नसती, तर आज एक निवृत्त विमा-कारकून आणि एक निवृत्त पोलिस एकमेकांना न ओळखता एकाच बाजारात भाजी घेत असते. त्यांचे गुण तेवढेच असते, परिश्रमही कदाचित तेवढेच. असे कितीतरी लोक प्रत्येक गावात, प्रत्येक विद्येत, आपल्या अवतीभोवती वावरत आहेत. त्यांना अपयशी म्हणण्यापूर्वी यशस्वी माणसाने स्वतःला विचारावे की माझा हात कोणी धरला होता आणि त्यांचा कोणी धरला नाही. ह्या प्रश्नाने त्याचे श्रेय तसूभरही कमी होत नाही. फक्त मान ताठ ठेवण्याचे कारण जाते, आणि हात रिकामा होतो. तो दुसऱ्या कोणापुढे करावयास मोकळा.